‘मुंगूस’ शब्दाचे मूळ

इंग्रजी ‘मॉंगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’ अथवा ‘मंगूस’ यावरून आला, असे आधुनिक इंग्रजी कोश सांगतात, आणि हे विधान आपण अभिमानाने उद्धृत करतो. 1886 मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने मात्र तो शब्द तेलुगू ‘मंगिसु’कडे नेला असून, जर्डनच्या आधारे ‘मंगूस’ हे दख्खनी व मराठी रूप केवळ नोंदले आहे. या मतभेदात शब्द कोठून उचलला गेला आणि तो मुळात कोणाचा, या दोन प्रश्नांची गल्लत झालेली आहे.

पहिल्या प्रश्नाचा निवाडा रूपावरून होत नाही. गिरगावातील फणसवाडीच्या नावात असलेला फणस इंग्रजीत ‘जॅक’ झाला, तो मलयाळम ‘चक्का’ व पोर्तुगीज ‘जाका’ यांच्या द्वारे. तेथे ‘फणस’ आणि ‘चक्का’ ही रूपे भिन्न असल्याने दाता निश्चित ठरतो. मुंगुसाच्या बाबतीत मराठी, कन्नड व तेलुगू रूपे परस्परांस फारच जवळची आहेत. 1698 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रायरच्या प्रवासवृत्तात हा शब्द येतो खरा. परंतु फ्रायर मच्छलीपट्टणही पाहून मुंबई-सुरतेकडे आला होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. संस्कृत ‘नकुल’ वा हिंदी ‘नेवला’ यांच्याशी ‘मुंगूस’ जुळत नाही; कन्नड ‘मुंगुसि’शी उघड जुळते. शब्द द्राविडी गोत्राचा मानणेच सयुक्तिक होय.

सारांश, दातृत्वाचा मान मराठीला मिळू शकेल. जनकत्वाचा दावा तिने करू नये.