घर्षणाच्या दोन नियमांची शब्दयोजना

पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत घर्षणाचे स्थितिक व गतिक असे दोन प्रकार सांगून त्यांची सूत्रे शेजारी मांडण्याचा प्रघात आहे. दोहोंचे शाब्दिक रूप पुष्कळदा एकच असते : घर्षणबल म्हणजे घर्षणगुणांक व अभिलंब बल यांचा गुणाकार. रचनेचे हे साम्य अर्थदृष्ट्या फसवे आहे. गतिक घर्षणाचे विधान बलाचे मूल्य सांगते. स्थितिक घर्षणाचे विधान केवळ कमाल मर्यादा सांगते.

उदाहरणार्थ, सपाट जमिनीवर १० किलोग्रॅम वस्तुमानाची पेटी आहे. स्थितिक गुणांक ०.५, गतिक गुणांक ०.४ आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरावे. स्थितिक घर्षणाची मर्यादा ५० न्यूटन येते. पेटीस २० न्यूटन बलाने आडवे ढकलले, तर घर्षणही २० न्यूटनच असते. ते ५० मानल्यास पेटी ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून येईल, असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो. बल ६० न्यूटन केले की पेटी सरकते आणि घर्षण ४० न्यूटन होते. तात्पर्य, स्थितिक घर्षणाचे मूल्य समतोलाच्या अटीवरून काढावयाचे असते. तो समतोल टिकेल की नाही, एवढेच सूत्र ठरविते. मराठीत हा भेद ‘इतके’ व ‘इतक्यापर्यंत’ या रूपांनी सहज व्यक्त होतो. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय गाळले की मर्यादेचे मूल्य होऊन बसते.

दुसरा दोष विशेषणाच्या अर्थाविषयीचा आहे. ‘स्थितिक’ म्हणजे वस्तू स्थिर असतानाचे, असा समज होतो. वस्तुतः येथे अभिप्रेत आहे ती एकमेकांस टेकलेल्या पृष्ठभागांची सापेक्ष स्थिरता. चालणाऱ्याचे टेकलेले पाऊल घसरत नाही. म्हणून तेथील घर्षण स्थितिक होय, आणि तेच त्याला पुढे रेटते. ‘घर्षण गतीला विरोध करते’ ही रूढ व्याख्या येथे कोलमडते. ‘घृष्’ या धातूचा अर्थ घासणे असा असल्याने, घासणेच नाही तेथे घर्षण कसले, ही विद्यार्थ्याची शंकाही रास्त ठरते.

आमाँताँ (१६९९) व कूलाँ (१७८५) यांचे नियम प्रयोगांवरून बांधलेली स्थूल अनुमाने आहेत. लाकडाचे पृष्ठभाग अधिक काळ टेकून राहिल्यास स्थितिक घर्षण वाढते, हे स्वतः कूलाँनेच नोंदविले होते. संज्ञा रूढ आहेत, त्या बदलण्याचे प्रयोजन नाही. मात्र नियमाची मर्यादा त्याच्या वाक्यातच उमटली पाहिजे. एरवी विद्यार्थी सूत्र बिनचूक पाठ करतो आणि उत्तर चुकतो.