महापाषाण गुहेत पुराण थेरांचे आसन

रंगूनच्या कबा-अये चैत्याच्या आवारात महापाषाण गुहा आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ती प्रचंड शिळांची टेकडी भासते. प्रत्यक्षात ती पंतप्रधान ऊ नू यांच्या कारकिर्दीत सहाव्या संगीतीसाठी मुद्दाम बांधलेली वास्तू आहे. ही संगीती १७ मे १९५४ च्या वैशाख पौर्णिमेस सुरू झाली व २४ मे १९५६ रोजी, परिनिर्वाणाची अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याचे मानून, समाप्त झाली. वास्तूची बाहेरील लांबी ४५५ फूट व रुंदी ३७० फूट असून आतील सभागृह २२० फूट लांब व १४० फूट रुंद आहे. प्रवेशद्वारे सहा, स्तंभही सहा. संगीती सहावी म्हणून.

पादत्राणे बाहेर ठेवून आम्ही त्या थंड जमिनीवर उभे राहिलो, तेव्हा प्रथम जाणवली ती शांतता. दुसरी गोष्ट पालीच्या अभ्यासकाच्या सवयीमुळे सुचली. ही रचना राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेचे स्मरण म्हणून केली, असे सांगितले जाते. परंतु चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात, म्हणजे पहिल्या संगीतीच्या मूळ वृत्तांतात, सप्तपर्णी गुहेचा उल्लेखच नाही. तेथे केवळ राजगृह आहे. वेभार पर्वताच्या कुशीतील गुहाद्वार, अजातशत्रूने उभारलेला मंडप, थेरासन आणि धम्मासन हे सारे समन्तपासादिकेत येते. म्हणजे आम्ही उभे होतो ते अट्ठकथेच्या जमिनीवर. यात उणेपणा नाही. मात्र येथे मूळ पालीपेक्षा परंपरेने लावलेला तिचा अर्थ अधिक बोलतो, हे ध्यानी ठेवून पुढे पाहिले पाहिजे.

अडीच हजार भिक्षूंच्या या संगीतीत महासी सयाडॉ प्रश्न विचारीत आणि मिंगुन सयाडॉ उत्तरे देत. राजगृहात महाकस्सपांनी उपालींना विनय व आनंदांना धम्म विचारला, त्याच पद्धतीने: हे कोठे सांगितले, कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी? मिंगुन सयाडॉंचे पाठांतर थक्क करणारे होते व त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि या प्रश्नांचे वैशिष्ट्य असे की, विचारणाऱ्यास व उत्तर देणाऱ्यास दोघांनाही उत्तर आधीच ठाऊक असते. ही पृच्छा जतनासाठी आहे, शोधासाठी नव्हे. संगीतीने सिद्ध केलेल्या चाळीस खंडांच्या त्रिपिटकातही हेच दिसते. तळटीपांत सिंहली, स्यामी, कंबोडियन व इंग्रजी प्रतींचे पाठभेद संक्षेपाने दिले आहेत; पण एक पाठ का स्वीकारला व दुसरा का टाकला, याचे कारण तेथे मिळत नाही. अशा प्रचंड श्रमांनंतर एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

त्याच अकराव्या खंधकात न विचारलेल्या प्रश्नाची कथाही आहे. क्षुल्लक शिक्षापदे संघाने इच्छा असल्यास रद्द करावीत, असे तथागतांनी सांगितले होते. परंतु ती कोणती हे आनंदांनी विचारले नाही, म्हणून थेरांनी त्यांना दोष दिला. स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी प्रयत्न केला, हाही दोष त्यांच्या माथी मारला गेला. आनंदांनी यांत आपणास दोष दिसत नाही असे स्पष्ट सांगितले आणि तरी संघाविषयीच्या श्रद्धेने तो मान्य केला. रंगूनच्या अडीच हजारांत एकही भिक्षुणी नव्हती. थेरवाद परंपरेने भिक्षुणीसंघ खंडित झाल्याचे मानले असल्याने तेथे शीलधारी थिलाशिन आहेत, पण त्यांना उपसंपदा नाही. सहा द्वारांच्या या सभागृहात आम्हाला आनंदांचा तो दुसरा ‘दोष’ वारंवार आठवला.

आणि पुराण थेर. (हे व्यक्तीचे नाव, ब्राह्मणी पुराणांशी त्याचा संबंध नाही.) संगायन आटोपल्यावर ते दक्षिणगिरीहून पाचशे भिक्षूंसह राजगृहास आले. झालेले संगायन स्वीकारा, असे थेरांनी म्हणताच त्यांनी उत्तर दिले की, थेरांनी ते उत्तम केले आहे, परंतु मी भगवंतांच्या मुखातून जे ऐकले व ग्रहण केले तेच धारण करीन. संघाने हा मतभेद वगळला नाही, जपून ठेवला. पण महापाषाण गुहेत त्याच्यासाठी आसन कोणते, हे आम्हाला सापडले नाही.

संगीतीची ही दोन वर्षे चालू असतानाच, डिसेंबर १९५४ मध्ये, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनासाठी रंगूनला आले होते. प्रकृती खालावलेली होती. परतल्यावर २५ डिसेंबर रोजी त्यांनी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात चार आर्यसत्ये मूळ शिकवणीत होती का, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. भाणकांच्या पाठांतरात भगवंतांचे वचन कसे विपर्यस्त होऊ शकते, हे दाखविण्यासाठी अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय व जीवक या पाच सुत्तांचा त्यांनी आधार घेतला. हे पाचही मज्झिमनिकायातले. पाठांतरावरील त्यांची टीका पालीच्याच आधारावर उभी आहे. पाली म्हणजे भिक्षूंची पोपटपंची, असे म्हणून ग्रंथ दूर ठेवणारे आमचे बांधव हा आधारच काढून घेतात. आणि संगीतीचा पाठ म्हणजे अंतिम शब्द, असे म्हणणारे त्या पाच सुत्तांकडे पाहत नाहीत. दोन्ही पक्षांतली माणसे आमच्या विहारांत रोज भेटतात. पुराण थेरांच्या उत्तराचे सामर्थ्य स्वतः ऐकलेल्यावर होते, हे दोघेही विसरतात.

सहाव्या संगीतीची देवनागरी आवृत्ती इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० नंतर प्रसिद्ध केली, त्यामुळे ब्रह्मी लिपीची अडचण आता राहिली नाही. यंदाच्या वर्षावासात आमच्या पाली वर्गात पञ्चसतिकक्खन्धक वाचावयास घेतला आहे. पुराण थेरांचा मजकूर त्यात अवघ्या काही ओळींचा आहे.