‘दामदुप्पट’ : एका संज्ञेचा अर्थविपर्यास

ऋणव्यवहाराच्या आपल्या जुन्या संज्ञा नेमक्या होत्या. जी हुंडी दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनंतर द्यावयाचे ती मुदती. शब्द ऐकतांच देणें केव्हां पडतें हें धनको व ऋणको या उभयतांस कळे. १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्यानेंही देशी भाषांतील लेखांविषयींच्या स्थानिक रूढींस बाध आणिला नाहीं.

याच कुळांतील ‘दामदुप्पट’ या संज्ञेची मात्र आज दुर्दशा झाली आहे. वर्तमानपत्रांत ‘दामदुप्पट योजना’, ‘दामदुप्पटीचें आमिष’ असे प्रयोग वारंवार आढळतात. तेथें अर्थ एवढाच कीं, ठेविलेला पैसा थोडक्या अवधींत दुप्पट होईल. आमच्या मतें हा केवळ अर्थविस्तार नसून उघड अर्थविपर्यास आहे.

मूळ पाहूं. धनाचें व्याज एकरकमी घ्यावयाचें झाल्यास तें मुद्दलासह दुपटीपलीकडे जाऊं नये, असा निर्बंध मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. याज्ञवल्क्यानें वस्तुपरत्वें परमावधि सांगितली आहे : सुवर्णास दुप्पट, धान्यास तिप्पट, वस्त्रास चौपट व रसास आठपट. म्हणजे ‘दुप्पट’ ही वाढीची सीमा होय. शंभर रुपयांच्या कर्जावर व्याज कितीही वर्षें तुंबलें, तरी एके वेळीं शंभरांहून अधिक व्याज मागतां येत नाहीं. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं हा नियम हिंदु ऋणकोच्या बाबतींत मानिला. त्याला पळवाटाही होत्या : वेळोवेळीं फेडलेलें व्याज या हिशेबांत येत नसे, आणि नवें खत करून घेतलें कीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळे. तथापि नियमाचा रोख ऋणकोच्या रक्षणाकडे होता, याविषयीं संशय नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, योगापेक्षां रूढि बलवत्तर हें शास्त्रकारांसही मान्य आहे. मग नव्या अर्थास आडकाठी कां? आमचें उत्तर असें कीं, जुना अर्थ मृत झाला असता तर ही कोटी शोभती. तो तर कायद्यांत जिवंत आहे. व्याजाच्या थकबाकीपोटीं मुद्दलाहून अधिक रकमेचा हुकूमनामा देऊं नये, असें मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानें ठरविलें. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या अधिनियमानेंही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास सावकारास मनाई केली. एकच शब्द कायद्याच्या परंपरेंत ऋणकोची ढाल आणि बाजारांत ठेवीदाराचा गळ, अशी ही स्थिति आहे.

हानि दुहेरी आहे. ज्याच्या रक्षणार्थ शब्द जन्मला त्या कर्जदारास आपला हक्क त्या शब्दांत दिसेनासा होतो. आणि ठेवीदारास जुन्या, प्रतिष्ठित शब्दामुळें फसव्या वचनाविषयीं नसता विश्वास वाटतो. अशा ठेवीदारांसाठीं १९९९ मध्यें राज्यास व २०१९ मध्यें केंद्रास स्वतंत्र कायदे करावे लागले, हें विसरतां येत नाहीं.

कोशकारांस आमची सूचना इतकीच : ‘दामदुप्पट’ या शब्दाखालीं ‘व्याजाची मुद्दलाइतकी कमाल मर्यादा’ हा अर्थ प्रथम द्यावा, आणि प्रचलित अर्थ ‘विपर्यस्त प्रयोग’ अशी खूण करून खालीं नोंदवावा. वृत्तपत्रकारांनीं ‘पैसे दुप्पट करून देण्याचें आमिष’ असें सरळ लिहावें. तेवढ्यानें बातमींत कांहीं उणें पडणार नाहीं, आणि कर्जदाराचा शब्द कर्जदाराकडे राहील.