तक्त्यातल्या तीन ओळी

मध्य हिंद महासागराच्या तळाशी, पाच किलोमीटरहून खोल पाण्यात मँगनीजचे काळपट गोळे पसरले आहेत. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजाने भारतासाठी असे पहिले गोळे वर काढले. पुढे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं जमलेल्या विश्लेषणांची सरासरी एका ओळीत मावते: मँगनीज सुमारे २४ टक्के, लोह ७, निकेल १.१, तांबे १, कोबाल्ट ०.११. एकटी वाचली तर ओळ रुक्ष वाटते. तिची गोडी शेजारच्या ओळींमुळे कळते.

प्रयोगशाळांना आपली मोजमापं ताडून पाहता यावीत म्हणून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दोन प्रमाण नमुने दळून ठेवले. अटलांटिकचा ‘नॉड-ए-१’: मँगनीज १८.५, लोह १०.९, तांबे जेमतेम ०.११, कोबाल्ट मात्र ०.३१. पॅसिफिकचा ‘नॉड-पी-१’: मँगनीज २९.१, लोह ५.८, निकेल १.३४, तांबे १.१५, कोबाल्ट ०.२२. तिन्ही ओळी एकाखाली एक ठेवून मँगनीजला लोहाने भागा. अटलांटिकला १.७, पॅसिफिकला ५, आपल्या गोळ्यांना साडेतीनच्या आसपास.

या भागाकारात गोळ्याचं पोषण वाचता येतं. वरच्या पाण्यातूनच थर चढले तर वाढ अतिशय संथ, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. तेवढ्या अवधीत लोह आणि कोबाल्ट साठत जातात. खालच्या गाळात सेंद्रिय पदार्थ कुजून मँगनीज, निकेल, तांबं मोकळं झालं आणि गोळ्याने ते खालून ओढून घेतलं, की भागाकार चढतो. आपली सरासरी अधलीमधली, म्हणजे दोन्हीकडून पोसलेली. तीही एकसुरी नाही: उत्तरेकडच्या सिलिकामय गाळावरचे गोळे निकेल-तांब्याने श्रीमंत, दक्षिणेच्या लाल मातीवरचे त्या मानाने लोहाकडे झुकलेले. सरासरी हा भेद गिळते, एवढी माझी तिच्याबद्दल तक्रार.

मला मात्र सगळ्यात आवडते ती तक्त्याखालची तळटीप: ‘११० अंश सेल्सिअसला वाळवून’. तोललेलं मीठ कोरडं होतं की दमट, हे विचारल्याशिवाय वजन मानू नये, हे नायगावच्या मिठागरांकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. हे गोळे सच्छिद्र. उघड्यावर ठेवले की हवेतला ओलावा धरतात. एकाने हवेत वाळवलेला नमुना तोलला, दुसऱ्याने भट्टीत वाळवलेला, आणि संकलकाने दोन्ही आकडे एकाच रकान्यात टाकले, तर समुद्रतळावर नसलेला फरक कागदावर उगवतो. संकलकाची खरी कारागिरी अशा जोड्या वेगळ्या करण्यात असते.

१९८७ साली भारत समुद्रतळावरच्या अशा गोळ्यांच्या खाणकामाचा पहिला नोंदणीकृत ‘पायोनियर इन्व्हेस्टर’ ठरला. आज ७५,००० चौरस किलोमीटर तळावर शोधाचा हक्क आपल्याकडे आहे. एवढ्या मोठ्या दाव्याला आधार म्हणून तक्ते पुढे येत राहतील. दशांशचिन्हापुढे कितीही घरं दिलेली असोत, नमुना कसा वाळवला हे न सांगणारा तक्ता मी तरी संग्रहात घेणार नाही.