भीती, परिहार आणि सिगारेटवरील इशारा

सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याच्या प्रथेमागे एक गृहीत आहे. मनुष्यास अपायाचे ज्ञान झाले की तो त्यापासून परावृत्त होतो, हे ते गृहीत होय. अमेरिकेत १९६६ पासून पाकिटावर येऊ लागलेले वाक्य धूम्रपान आरोग्यास घातक ‘असू शकेल’ एवढेच सांगत होते. भारतात १९७५ च्या कायद्याने ते अपायकारक ‘आहे’ असे निःसंदिग्धपणे सांगितले. क्रियापद बदलले, परंतु गृहीत तेच राहिले.

लिऑन फेस्टिंगर याने १९५७ मध्ये बोधविसंवादाची उपपत्ती मांडताना धूम्रपान करणाऱ्याचेच उदाहरण घेतले, हे लक्षणीय आहे. ‘हे घातक आहे’ आणि ‘मी हे करतो’ या दोन बोधांचा विसंवाद मनास असह्य होतो. तो मिटविण्याचा एक मार्ग सिगारेट सोडणे हा. परंतु पहिल्या बोधाचे वजन कमी करणे हा त्याहून सोपा मार्ग होय. नव्वदीपर्यंत विडी ओढणाऱ्या आजोबांचा दाखला याच कामी येतो.

मग भीती वाढविल्यास ही पळवाट बंद होईल काय? जॅनिस व फेशबॅक यांनी १९५३ मध्ये शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष उलट होता. दातांच्या निगेविषयीचे सर्वांत भयप्रद व्याख्यान ऐकलेल्या गटात उपदेशाचे पालन सर्वांत कमी झाले. या प्रयोगाच्या आधारे भयप्रद चित्रांवर आक्षेप घेतला जातो. तथापि दंतरक्षणाविषयीच्या एका व्याख्यानाचा निष्कर्ष, दररोज अनेकदा हाती येणाऱ्या पाकिटास जसाच्या तसा लावणे सयुक्तिक नाही. किम विट हिने १९९२ मध्ये केलेला भेद अधिक उपयुक्त आहे : संकट मोठे वाटले आणि उपाय आवाक्यातला वाटला, तर मनुष्य संकटाचे निवारण करतो, उपाय आवाक्याबाहेरचा वाटला, तर तो केवळ भीतीचे निवारण करतो.

प्रत्यक्ष पुरावाही आक्षेपकांस फारसा अनुकूल नाही. कॅनडातील चित्रमय इशाऱ्यांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅमंड व सहकाऱ्यांच्या पाहणीत, चित्रे टाळू पाहणारे लोकही त्यांचा विचार करण्यात वा सिगारेट सोडण्याच्या प्रयत्नात मागे नव्हते. म्हणजे परिहार हे इशारा निष्फळ झाल्याचे लक्षण नव्हे. पुष्कळदा तो मनाला भिडल्याचेच ते चिन्ह असते. ब्रूअर व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अमेरिकी प्रयोगात, चार आठवड्यांत, चित्रमय इशारा असलेल्या गटातील ४० टक्के लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला. केवळ शब्दांचा इशारा असलेल्या गटात हे प्रमाण ३४ टक्के होते. परंतु प्रयोगाच्या अखेरीस किमान सात दिवस सिगारेटपासून दूर असलेले अनुक्रमे ५.७ व ३.८ टक्केच होते. प्रयत्न आणि सिद्धी यांमधील हे अंतर निकोटिनच्या व्यसनाचे आहे. ते चित्राने भरून निघत नाही.

या दृष्टीने भारतातील इशाऱ्याचे परीक्षण केले पाहिजे. १ एप्रिल २०१६ पासून त्याने पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा व्यापला. परंतु व्यसनमुक्तीसाठी साहाय्य देणारा दूरध्वनी क्रमांक त्यावर आला तो १ सप्टेंबर २०१८ पासून. विटच्या उपपत्तीनुसार पाहता, संकटाचे चित्र मोठे झाले आणि उपायाची ओळ मागाहून आली. शिवाय पानाच्या गादीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीटच येत नाही. इशारा दुकानदारापाशी राहतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर घातलेली बंदी या उणिवेशी निगडित होती.

सारांश, भयाचा त्याग करावा हा आक्षेपकांचा निष्कर्ष टिकत नाही. भय पुरेसे आहे हा समर्थकांचा विश्वासही टिकत नाही. इशाऱ्याची कसोटी दोन प्रश्नांनी घ्यावी लागेल : तो सिगारेट ओढणाऱ्याच्या दृष्टीस पडतो काय, आणि सोडणे आपल्याला जमेल असा विश्वास तो त्यास देतो काय? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाकडे आजवर तुलनेने कमी जागा गेली आहे, आणि पाकिटावर ती जागा अवघ्या एका ओळीची आहे.