‘मग तू काय करणार?’ : धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ औंढ्यात बसून वाचताना

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की प्रश्न विचारायची सवय कशी लावायची. आज त्याच्या पुढचं लिहितोय. प्रश्न विचारून झाला, जुनं उत्तर मोडलं, आणि हातात काहीच उरलं नाही, तर काय करायचं? विषय थोडा घरगुती आहे, पण शेवटी संशोधनाच्या पद्धतीवरच येऊन थांबतो. तेव्हा थोडा धीर धरा.

मी औंढा नागनाथचा. आमच्या गावाची ओळख म्हणजे ज्योतिर्लिंग. हेमाडपंती देऊळ, जमिनीखालचा ठेंगणा गाभारा. खाली उतरायचं तर पैलवानालाही वाकावंच लागतं. मी लहानपणी शेकडो वेळा वाकलोय. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वाकणं थांबवलं. ते एका दिवसात झालं नाही. आधी उपवास सुटला, मग आरती, मग एके दिवशी लक्षात आलं की परीक्षेला जाताना आपण कुणाचंच नाव घेतलं नाही. तोपर्यंत रसेल वाचला होता, पॉपरबद्दल वाचलं होतं, ‘देवाला रिटायर करा’ हे डॉ. श्रीराम लागूंचं वाक्य तोंडपाठ होतं. वादात मला कुणी हरवू शकत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. मी थोरला. मुंडण, पिंडदान, कावळा शिवण्याची वाट बघणं, यातलं काहीही करणार नाही असं मी तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं. बसलेल्या पाहुण्यांसमोर कारणंही दिली. जो दावा खोटा ठरवायची सोयच नाही त्याला अर्थ नाही, असं काहीतरी बोललो. काका गप्प बसले. आईनं एवढंच विचारलं, “बरं. मग तू काय करणार हाईस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळे विधी धाकट्या भावानं केले. त्या तेरा दिवसांत घरातल्या प्रत्येकाला काम होतं. कुणी पत्रावळ्या आणत होतं, कुणी पाहुण्यांना उतरवून घेत होतं. मी एकटा माडीवर मोबाइल घेऊन बसलेला. माझा तर्क बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण बाप गेल्यावर माणसानं हातांचं काय करायचं, हे त्या तर्कात कुठंच नव्हतं.

मी तत्त्वज्ञान कसं चुकीचं वापरलं

आधी माझ्या वाचनाची चूक कबूल करतो, कारण ती विज्ञानाचे विद्यार्थी सर्रास करतात.

पॉपरचं पुस्तक १९३४ सालचं, मूळ जर्मनमधलं. एखादं विधान चुकीचं ठरवता येईल अशी चाचणी असली पाहिजे, हा त्याचा निकष आपण मेथडॉलॉजीच्या पहिल्या तासाला शिकतो. पण हा निकष कशासाठी होता? विज्ञान कुठं संपतं आणि विज्ञान नसलेलं कुठं सुरू होतं, ती रेघ ओढण्यासाठी. त्या रेघेपलीकडचं सगळं निरर्थक, असं पॉपर म्हणत नाही. त्याच काळात व्हिएन्नात अर्थपूर्ण आणि निरर्थक अशी विभागणी करणारे दुसरे तत्त्वज्ञ होते, आणि पॉपरचा त्यांच्याशी नेमका याच मुद्द्यावर मतभेद होता. म्हणजे वडिलांच्या तिसऱ्या दिवशी मी पॉपरच्या नावावर त्याच्या विरोधकांचं मत खपवत होतो. हे मला कळलं ते नंतर, नेट-सेटच्या गाइडबुकातून बाहेर पडून मूळ पुस्तकाचं भाषांतर वाचल्यावर.

दुसरा नीत्शे. ‘देव मेला’ एवढंच आपण ऐकलेलं असतं आणि ती विजयाची आरोळी आहे असं समजतो. १८८२ च्या पुस्तकातला तो प्रसंग काढून वाचा. एक वेडा भरदिवसा कंदील घेऊन बाजारात येतो, देवाला शोधत. त्याच्या भोवती जमलेले बरेचसे लोक आधीच देव न मानणारे असतात आणि ते त्याची टिंगल करतात. म्हणजे नीत्शेचं बोलणं भाविकांशी नाहीच, ते माझ्यासारख्यांशी आहे. तुम्ही काय गमावलंत आणि आता त्या जागी काय उभं करणार, याचा तुम्हाला पत्ता तरी आहे का, असा तो रोख. आईचा प्रश्न आणि नीत्शेचा प्रश्न एकच होता. आईनं तो कमी शब्दांत विचारला.

‘निवेदन’मध्ये काय आहे

या प्रश्नावर मराठीत काही आहे का, हे शोधताना धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ हाती लागलं. १९२४ साली प्रसिद्ध झालेलं आत्मकथन. मला ते धार्मिक पुस्तक वाटलंच नाही. प्रयोगवही वाटली.

धर्मानंद गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६. शाळा अर्धवट, घरी नारळाच्या बागायतीचं काम, मन सतत खिन्न. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाबद्दलचा लेख वाचला आणि हा माणूस खरा काय म्हणाला ते जाणून घ्यायचं, या ध्यासानं १८९९ साली घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात बौद्ध धर्म मिळेल म्हणून गेले आणि निराश होऊन परतले. मग कलकत्ता, सिंहलद्वीप. तिथं पाली शिकले, १९०२ साली भिक्षू झाले. पुढं ब्रह्मदेशात ध्यान शिकले. परत आल्यावर चीवर उतरवलं, संसारात आले, कलकत्त्यात पाली शिकवलं. १९१० साली हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले आणि नंतर पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले.

यात मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, त्यांनी ‘हे खोटं’ म्हणून घर सोडलं नाही, ‘मला हे जाणायचंय’ म्हणून सोडलं. नुसत्या नकारावर इतकी पायपीट होत नाही. दोन, ते मूळ साधनांपर्यंत गेले. भाषांतरावर भागलं असतं, तरी भाषा शिकले. तीन, फसलेले टप्पे त्यांनी लपवले नाहीत. नेपाळची निराशा, आजारपणं, मनाची पडझड, सगळं सरळ लिहिलंय. आपण थीसिसमध्ये फसलेला प्रयोग गाळून टाकतो. त्यानं पुस्तक सुटसुटीत होतं आणि पुढच्या माणसाचं एक वर्ष वाया जातं.

पण त्यांची खरी कसोटी मला ‘निवेदन’च्या बाहेर दिसली. १९४०-४१ मध्ये आलेल्या ‘भगवान बुद्ध’मध्ये त्यांनी स्वतःच्या नव्या श्रद्धास्थानाचीच चिरफाड केली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही बुद्धचरित्रातली सगळ्यांत गाजलेली कथा. कोसंबींनी ती मानली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताचा आधार घेऊन शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनी बोट दाखवलं. ज्या बुद्धासाठी घर सोडलं, त्याच्याबद्दलचीही सोयीची गोष्ट ठेवली नाही. पुढं डॉ. आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर आला, त्याच्या प्रस्तावनेतही चार दृश्यांच्या कथेवर हाच सवाल आहे आणि आत पाण्याच्या तंट्याचा प्रसंग आहे.

जुनी श्रद्धा तपासणं सोपं असतं, आपण तिच्यावर रागावलेलो असतो. नव्यानं जे हाती आलंय ते तपासणं अवघड. मी देव तपासला. माझा बुद्धिवाद तपासायचं मला सुचलंच नाही.

पाकीट उघडण्यापूर्वी

योगायोग असा की ही तपासणी कशी करतात याचं उत्तम उदाहरण आमच्याच तालुक्यात येऊ घातलंय. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी औंढ्याजवळची जागा निवडली गेली, कारण इथल्या जमिनीत कंपनं कमी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटींचा खर्च मंजूर केला. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. (माझं काम पातळ थरांच्या पदार्थांवर आहे, लायगोशी त्याचा संबंध नाही.)

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या लायगोच्या यंत्रांवर एक सुरेख संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी काही महिने त्याचं विश्लेषण केलं, शोधनिबंधाचा मसुदा लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर एक पाकीट उघडलं गेलं. तो संकेत खोटा होता. आपली पद्धत आणि आपलं मन किती भरवशाचं आहे हे बघायला त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी तो गुपचूप घातला होता, आणि असं होऊ शकतं हे सगळ्यांना आधीपासून मान्य होतं. खरी लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. तेव्हाही पहिला प्रश्न होता, ‘कुणी घातली तर नाही ना?’

माझ्या तिसऱ्या दिवसाच्या भाषणाला असं कुठलंच पाकीट नव्हतं. ‘मी चुकत असेन तर ते मला कशावरून कळेल?’ हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

आमच्या गावची विसोबा खेचरांची गोष्ट इथंच बसते. परंपरा सांगते, तेरला गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. (पीअर रिव्ह्यूची इतकी स्पष्ट टिप्पणी मला अजून आलेली नाही.) मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. पाय जिकडे नेले तिकडे पिंड. भाविक यातला चमत्कार ऐकून हात जोडतात. माझ्यासारखे दगड असा उगवेल कसा, म्हणून हसतात. दोघंही नामदेवाचं काय झालं ते बघायचं विसरतात. देव आपल्याशी बोलतो अशी ज्याची खात्री, त्याला स्वतःची खात्री बाजूला ठेवावी लागली. आणि सांगणारा विसोबा तरी कोण? आधी ज्ञानेश्वरादी भावंडांची निंदा करणारा आणि मग त्यांच्यापुढं नमलेला, असंच परंपरा सांगते. म्हणजे ज्यानं स्वतः मत बदललं होतं तो.

‘निवेदन’ जिथं कमी पडतं

आता टीका. ‘निवेदन’ संपतं तेव्हा काशीच्या अन्नछत्रांबद्दल आपल्याला बरंच कळलेलं असतं, पण धर्मानंदांच्या पत्नी बाळाबाईंबद्दल फार थोडं. १८९९ ला ते निघाले तेव्हा घरी पत्नी होती, तान्ही मुलगी होती. एका माणसाच्या शोधाची किंमत दुसऱ्या माणसानं भरली, आणि तिचा जमाखर्च वहीत नाही. काळ तसा होता, हे खरं. पण जो माणूस सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कारणं तपासायला पाली ग्रंथ उपसतो, त्याच्या स्वतःच्या गृहत्यागात मागं राहिलेलीचं म्हणणं नोंदलेलं नसावं, ही उणीव मला साधी वाटत नाही. बुद्धिवादी आत्मकथनांत ती पुन्हापुन्हा दिसते. सोडणारा बोलतो, मागं राहिलेले संदर्भापुरते येतात.

त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती. त्यांच्या १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये या उणिवेवर एक वेगळी वाट दिसते. पक्के मार्क्सवादी, देव न मानणारे. पण पुण्याच्या परिसरातली देवीची ठाणी त्यांनी पायी फिरून पाहिली, तिथल्या माणसांशी बोलले. हे ठाणं इथंच का, जुन्या वाटांशी त्याचा काय संबंध, लोक नवस कसला करतात? ‘देवी आहे का’ या प्रश्नात ते अडकले नाहीत. न मानणाऱ्यानंही आधी विचारायचं असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

म्हणून या श्रावणात एका सोमवारी मी आईबरोबर देवळात गेलो. आत नाही. इथं नंदी देवळाच्या मागं आहे, तिथं तिच्या चपला घेऊन बसलो. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागं पाठवलं म्हणून देऊळच फिरलं, अशी त्याची कथा. शिंप्याला मागं कुणी पाठवलं, हा प्रश्न त्या कथेत अजून तसाच उभा आहे. आई बाहेर आल्यावर पहिल्यांदाच विचारलं, “खाली वाकतीस तेव्हा मनात काय असतं गं तुझ्या?”

ती म्हणाली, “काई नसतं. मागत बी नाही काई. तेवढा येळ कुणी हाका मारत नाही, बस.”

सहा वर्षं मी तिच्याशी देवाच्या अस्तित्वावर वाद घालत होतो. तिचा दावा तो नव्हताच. विदा गोळा न करता निष्कर्ष लिहिला होता मी, आणि वर पॉपरचं नाव टाकलं होतं. त्या उत्तरानं देव सिद्ध होत नाही, मी आजही मानत नाही. पण घरात तिला अर्धा तासही कुणी निवांत बसू देत नाही, ही गोष्ट सिद्ध होते, आणि त्यावर मला काहीतरी करता येतं.

पुढच्या महिन्यात वडिलांचं वर्षश्राद्ध. संकल्प भाऊ सोडेल, मी पाटावर बसणार नाही, हे आईला सांगून झालंय. तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी म्हणालो, स्वयंपाक मी करतो, वाढतोही मीच, तू त्या दिवशी चुलीकडं फिरकायचं नाही. ती हसली. म्हणाली, “पन्नास माणसांचं वरण जमंल का?”

माहीत नाही. रविवारी दहा माणसांचं करून बघणार आहे.