चाहत्यांची नियतकालिके आणि समीक्षा : ‘मेरी स्यू’च्या निमित्ताने

‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथात्मक मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. तिच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकेनेलिया’ हे नियतकालिक काढले. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्श्चुअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात अशा वाचनव्यवहाराला परक्या संहितेतील ‘चोरटी शिकार’ मानून त्यातील प्रतिकार अधोरेखित केला. तथापि ही भूमिका अपुरी वाटते. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये ‘मिनॅजरी’त ‘मेरी स्यू’ ही सर्वगुणसंपन्न नायिका रचून विडंबन केले, ते मालिकेचे नव्हे, तर चाहत्यांच्याच आत्मरंजनपर कथांचे. हेच नाव पुढे संज्ञा म्हणून समीक्षेत रूढ झाले. तात्पर्य, हौशी लेखन आत्मपरीक्षण करते आणि परिभाषाही घडविते. म्हणूनच असे चक्रमुद्रित अंक केवळ संदर्भसाधन म्हणून नव्हे, तर समीक्षा म्हणून अभ्यासणे अगत्याचे आहे.